हिरेजडित ओटा

हॉबच्या, म्हणजे ओट्यात बसवायच्या गॅसच्या शेगडीच्या, खोक्यात एक पुठ्ठ्याचा साचा येतो. तो ओट्यावर ठेवायचा, पेन्सिलीने कडेकडेने गिरवायचा आणि गिरवलेला आयत कापून काढायचा, की त्या भोकात हॉब अलगद उतरतो. आमच्या साच्यावर तुटक रेघ आणि तिच्या टोकाला कात्रीचं चित्र होतं. कात्री आणि ग्रॅनाइट यांच्यामधलं अंतर चित्रकाराने ग्राहकावर सोडलं होतं. ते मी मनातल्या मनात तिथल्या तिथे पार केलं. सगळी नोकरी भूमिती शिकवण्यात गेलेल्या माणसाला एक आयत काढायला मिस्त्री कशाला हवा?

मिस्त्रीला विचारलंच नव्हतं असं नाही. तो आला, ओट्यावर बोटाने टकटक करून त्याने कानोसा घेतला आणि म्हणाला, "काका, अडीच हजार. कोपऱ्याचे वेगळे."

"कोपऱ्याचे कसले वेगळे?"

"चार कोपरे. दोनशेप्रमाणे आठशे."

"अरे, कोपरा म्हणजे दोन रेषा मिळतात तो बिंदू. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. जे मुळात नाहीच, ते कापायचे पैसे कसले?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "काकू, पाडवा झाला की फोन करा," म्हणाला आणि चपला घालून गेला. "अहो, आठशे रुपयांसाठी..." बायको म्हणाली आणि पुढचं तिने गिळलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशी वाक्यं अर्धवट राहिली तरी पूर्ण ऐकू येतात.

कटर मी विकतच आणला. बाजारात त्याला सीएम-फोर म्हणतात. एका हातात धरता येईल एवढं मशीन, चार इंची म्हणजे ११० मिलिमीटरची चकती, मिनिटाला बारा हजार फेरे. सोबत एक चकती फुकट होती. तिच्या कडेला ठराविक अंतरावर खाचा, दोन खाचांमध्ये करड्या धातूचा एकेक तुकडा, आणि वेष्टनावर लिहिलेलं: काँक्रीट, वीट, दगड, मार्बल, ग्रॅनाइट, टाइल. त्या करड्या तुकड्यांत खरे हिरे असतात, हे मला माहीत होतं. "बघ, शेवटी तुझ्यासाठी घरात हिरे आणले," हा विनोद मी त्या संध्याकाळी केला. महाराष्ट्रात कटर विकत घेणारा प्रत्येक नवरा तो करत असणार. कोणी हसलं नाही. बायकोने विचारलं, "पावती ठेवलीत ना?"

हॉबची ठिणगी विजेवर पडते. त्यासाठी ओट्याखाली एक प्लग हवा होता आणि वायर न्यायला भिंतीत झिरी मारायची होती. म्हटलं, सुरुवात भिंतीपासून करू, हात बसेल. हात बसला म्हणजे किती बसला! मशीन भिंतीला टेकवलं मात्र, चकती गिलाव्यात शिरली, तिथून विटेत शिरली आणि मी थांबवली म्हणून थांबली. मला वाटलं हे आपलं अंगभूत कौशल्य, आजवर खडूखाली दबून राहिलेलं. ओळंब्याला समांतर अशा दोन रेघा मी सरासर उतरवल्या. मधली पट्टी छिन्नीने उडवून मागे वळून बघतो तर स्वयंपाकघर दिसेना.

ती धूळ नुसती ओट्यावर बसली नाही. ती डब्यांच्या फिरकीच्या झाकणांत गेली, फ्रिजच्या रबरात गेली, देवघरातल्या निरांजनात गेली. रात्रीच्या आमटीतही ती दाताखाली आली. बायकोने ती न बोलता खाल्ली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. तेवढ्यात मेलबर्नहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या भुवया पांढऱ्या झालेल्या पाहून ती आधी हसली. मग मागची भिंत पाहिली आणि तिचा आवाज चढला.

"बाबा, तोंडाला काय बांधलं होतंत?"

"पंचा."

"पंचा! इथे क्वार्ट्झचे ओटे कापणारी पोरं फुफ्फुसं निकामी होऊन बसली, म्हणून सरकारने ते ओटेच बंद केले, आणि तुम्ही पंचा बांधता?"

तिचं खरं होतं. वाळूत, विटेत, काँक्रीटमध्ये, ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते. कोरडं कापलं की तिची डोळ्यांना दिसणारही नाही अशी पूड उडते आणि फुफ्फुसात जाऊन कायमची बसते. सिलिकोसिस म्हणतात तो हाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच ही धूळ माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातली आहे. कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत नव्वद टक्क्यांच्या वरसुद्धा सिलिका असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली. आमच्याकडे हॉब विकणाऱ्या मुलाने हाच क्वार्ट्झचा ओटा 'फॉरेनची फॅशन' म्हणून आग्रहाने सुचवला होता. आपल्या इमारतींत दिवसभर कोरडं कापणारी पोरं तर तोंडाला रुमालही नीट बांधत नाहीत, आणि आपण त्यांच्या शेजारून नाक दाबून लिफ्टमध्ये शिरतो. असो. नीट बसणारा मास्क आणि चष्मा घेतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, अशी मी लेकीसमोर शपथ घेतली. ती पाळली. बाकी काहीच धड केलं नाही, पण ती पाळली.

मग ग्रॅनाइट.

गिरवलेल्या रेघेवर चकती टेकवली. भिंतीत जी शीळ घालत गेली होती, ती इथे किंचाळायला लागली. पहिले काही इंच पांढरी पूड निघाली, मग कमी निघाली, मग निघेचना. ओट्यावर नखभर खोल ओरखडा पडला होता आणि चकती त्याच्यात नुसती फिरत होती. मी जोर लावला. ठिणग्या उडाल्या. आणखी जोर लावला. चकतीच्या कडेला तांबूस वलय दिसलं आणि जळका वास आला. बायकोने बाहेरून विचारलं, "काही लागलंय का गॅसवर?" गॅस तर आदल्या दिवसापासून बाल्कनीत होता.

चकती उतरवून पाहिली. कड गुळगुळीत, चकचकीत. नख फिरवलं तर सरकन घसरलं. बोथट झाली, मी निदान केलं. आणि निदानापाठोपाठ उपायही सुचला: एका अंगाने बोथट झाली असेल तर उलटी बसवू, दुसऱ्या अंगाची धार कोरी असणार. चकतीवर एक बाण छापलेला होता. त्याच्याकडे पाहून मी म्हटलं, ही सूचना सामान्य ग्राहकांसाठी असावी. उलट्या चकतीने ग्रॅनाइटला काही केलं नाही. माझ्या मनगटाला मात्र केलं. रात्री बाम लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळी गाठली. रविवार पेठेतल्या या आळीत एकदा शिरलं की खिळ्यापासून कप्पीपर्यंत जे म्हणाल ते मिळतं, फक्त चालायला जागा मिळत नाही. दुकानाच्या गल्ल्यावरून हाक आली, "सर!" पाहतो तर माझा जुना विद्यार्थी. नववीत त्याने दोनदा मुक्काम केला होता आणि दोन्ही वेळा गणितामुळे, म्हणजे पर्यायाने माझ्यामुळे. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी पिशवीतून चकती काढली. "तुमच्याकडच्या मालात हल्ली दम नाही रे."

त्याने चकती उजेडात धरली, टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि तिची कड सावकाश फिरवत पाहिली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, ही उलटीपण चालवलीत?"

मी चहाकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

त्याने भिंग माझ्या हातात दिलं. हे मात्र पाहण्यासारखं होतं. त्याने शेजारच्या कपाटातून एक वापरलेली, पण नीट चाललेली चकती काढली आणि आधी तिची कड दाखवली. करड्या धातूत साखरेच्या कणाएवढे पिवळट खडे जागोजाग वर आलेले. प्रत्येक खड्याच्या पुढे धातू झिजून खळगा झालेला आणि मागे मात्र धातूची निमुळती शेपटी शिल्लक, कारण पुढच्या खड्याने आपल्या आडोशाला तेवढा धातू वाचवलेला असतो. सगळ्या शेपट्या एका दिशेला. ती शेपटीच त्या खड्याला मागून टेकू देते. बाणाची दिशा म्हणजे हीच. माझ्या चकतीवर उलट फिरवल्याने शेपट्या घासल्या गेल्या होत्या. खडे तर दिसतच नव्हते, धातूच्या पातळीला येऊन त्यांचे माथे सपाट झाले होते. चकती उलटीसुलटी करून बसवणाऱ्याचा कबुलीजबाब तिच्या कडेवर कोरलेला असतो, ही मला नवीन माहिती होती.

"पण हिरा बोथट कसा होईल? जगात त्याच्याइतकं कठीण काही नाही," मी म्हटलं. दहापैकी दहा. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ सात, फेल्डस्पार सहा.

"सर, हिरा होतोच बोथट, थोडा थोडा. खरी गंमत हिऱ्यात नाही, त्याला धरणाऱ्या धातूत आहे."

कोबाल्ट, लोखंड, तांबं, कथील अशा धातूंच्या पुडीत हिऱ्याची पूड मिसळायची, दाबायची, भाजून घट्ट करायची आणि ते तुकडे पोलादी चकतीच्या कडेला जोडायचे. कापताना दगड हिऱ्याला बोथट करतो आणि सोबत त्या धातूलाही झिजवतो. धातू पुरेसा झिजला की बोथट हिरा गळून पडतो आणि खालचा नवा, टोकदार हिरा उघडा पडतो. पेन्सिलीचं तसंच: लाकूड तासलं गेलं तरच शिसं पुढे येतं. आता गिलावा, विटा, नुकतंच भरलेलं काँक्रीट हे पदार्थ मऊ खरे, पण खरखरीत. ते धातू भराभर झिजवतात. तिथे धातू कडक हवा, नाहीतर कोरे हिरेच गळून जातील आणि चकती दुपारपर्यंत संपेल. ग्रॅनाइट कठीण, पण त्याची पूड बारीक, धातूला ती हवी तेवढी झिजवत नाही. तिथे धातू मऊ हवा, म्हणजे तो लवकर बाजूला होईल. माझी फुकटची चकती कडक धातूची होती. भिंतीत ती नाचली, ओट्यावर तिचे हिरे माथे घासून बसले आणि धातू काही त्यांना सोडेना.

"म्हणजे दगड कठीण तर चकती मऊ, आणि दगड मऊ तर चकती कडक," मी म्हटलं.

"हो सर. व्यस्त प्रमाण."

हे व्यस्त प्रमाण मी त्याला लागोपाठ दोन वर्षं शिकवलं होतं, नळ आणि हौद, मजूर आणि दिवस, सगळं करून. परीक्षेत त्याने ते दोन्ही वर्षं समप्रमाणात सोडवलं. मी चहा संपवला.

"ओटा कुठल्या रंगाचा, सर?" त्याने विचारलं. काळा, म्हटलं. मग तर अजून मऊ धातू लागेल, म्हणाला. आपण ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतो तो भूशास्त्राच्या हिशेबात बहुधा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतो. क्वार्ट्झ त्यात जवळजवळ नाही, म्हणजे धातू झिजवायला कोणीच नाही. पुण्यातल्या जुन्या काँक्रीटचीही तीच तऱ्हा. आपली खडी काळ्या बेसाल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची, आणि काँक्रीट कापताना सिमेंटपेक्षा खडी कोणती याचाच विचार जास्त करावा लागतो.

मी तीन चकत्या घेतल्या. ग्रॅनाइटची एक, भिंतीची एक, आणि कडेला खाचा नसलेली अखंड कडेची एक, ओट्यामागच्या टाइलसाठी. खाचांची चकती टाइलच्या तकाकीचे टवके काढते. ते मला सांगायची गरज नव्हती. झिरी मारताना एक टाइल मी कुरतडून ठेवली होती आणि तिच्यासमोर सध्या तेलाची बरणी उभी होती.

रात्री हिऱ्यांबद्दल वाचत बसलो. या चकत्यांतले हिरे खाणीतले नसतात, कारखान्यातले असतात. अमेरिकेत स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५४ च्या डिसेंबरात सुमारे लाखभर वातावरणांचा दाब आणि सोबत भट्टीची उष्णता देऊन ते बनवले आणि १९५५ मध्ये कंपनीने जगाला सांगितलं. स्वीडनच्या एका कंपनीने त्याच्याही आधी, १९५३ मध्येच ते केलं होतं, पण ती गप्प बसली. हॉलला बक्षीस म्हणून कंपनीने १० डॉलरचा बचत रोखा दिला, असं तो पुढे सांगत असे. बायकोला मी ही गोष्ट वाचून दाखवली, ज्ञानाची किंमत होत नाही या अर्थी. ती म्हणाली, "त्याच्याही बायकोला काही मिळालं नाही, असंच ना?"

नव्या चकतीने ग्रॅनाइट कापला. अगदी खरंच कापला. या वेळी पाणी होतं: बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बायको चकतीवर धार धरत होती, धूळ उडण्याऐवजी करड्या चिखलाचे ओघळ ओट्यावरून उतरत होते. पहिल्याच फेरीला घरातले दिवे गेले. पाणी मशीनमध्ये शिरलं असणार. ३० मिलिअँपियर गळतीला तोडणारं ते पेटीतलं बटण खाली पडलं होतं आणि त्याने दोघांपैकी एकाचा तरी जीव वाचवला असावा. मशीन वाळवलं, बाटली थोडी लांबून धरायला सांगितली. एका दमात खोल न जाता चार-पाच मिलिमीटर, मग पुन्हा चार-पाच, रेघ सरळ ठेवत. चकती कापताना तिरकी केली की ती अडकते आणि मशीन उलटं अंगावर येतं, हे विद्यार्थ्याने बजावलं होतं. तो पाऊण तास मी आजवरच्या आयुष्यातला सर्वांत चांगला कारागीर होतो. बायकोसुद्धा म्हणाली, "जमतंय की!" हे वाक्य मी लिहून ठेवायला हवं होतं, आता ती म्हणते, मी असं म्हणालेच नाही.

चकती ग्रॅनाइटच्या पार गेली आणि चिखलाचा रंग बदलला. अजून थोडी खाली घेतली. अजून थोडी. मग मशीनचा तळ ओट्याला टेकला आणि चकती पुढे जाईना, तरीही तुकडा निघेना. कपाटात शिरून टॉर्चने पाहिलं. खाली कडप्पा. पुण्यातले ओटे असेच बांधतात: खाली आंध्रातून येणाऱ्या काळ्या चुनखडीची फरशी, तिच्यावर सिमेंट, त्यावर ग्रॅनाइट. मिस्त्रीने टकटक करून कानोसा घेतला होता तो हाच. ग्रॅनाइट १८ मिलिमीटर, सिमेंट बारा, कडप्पा पंचवीस, बेरीज ५५. माझं मशीन जेमतेम ३२ पर्यंत जातं.

उपाय उघड होता: मोठी चकती. विद्यार्थ्याला फोन लावला, सात इंची चकती ठेव म्हणून.

"सर, पण ती त्या मशीनच्या कव्हरमध्ये बसणार नाही."

"कव्हर काढतो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो, माझ्याच वर्गात मी वापरायचो त्या आवाजात म्हणाला, "सर, सात इंचीवर कमाल फेरे लिहिलेले असतात, साधारण साडेआठ हजार. तुमचं मशीन बारा हजारांचं. हिशेब करून बघता का?"

केला. परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास. ११० मिलिमीटरची चकती बारा हजार फेऱ्यांनी फिरली की तिची कड सेकंदाला ६९ मीटर जाते, ताशी अडीचशे किलोमीटर. हेच मुळात मला माहीत नव्हतं, आणि मी तिच्यापासून वीतभर अंतरावर नाक ठेवून बसलो होतो. १८० मिलिमीटरची चकती त्याच फेऱ्यांवर ११३ मीटर. ताशी चारशेच्या वर. एखादा तुकडा निखळला तर तो त्या वेगाने सुटणार, मध्ये कव्हर नाही, समोर बायको पाण्याची बाटली धरून उभी. मी म्हटलं, "नको ठेवूस."

"बरं सर. कोपरे कसे करताय?"

"कोपऱ्यांचं काय करायचं? रेषा जिथे मिळतात तिथे थांबायचं." तो काहीतरी म्हणत होता, कोअर बिट वगैरे, पण बायकोने हाक मारली म्हणून मी फोन ठेवला.

आणि इथे मला एक गणित घालायचं आहे, दहावीचं. वर्तुळाची त्रिज्या ५५. एक जीवा केंद्रापासून ३७ अंतरावर, म्हणजे काठापासून १८ आत. जीवेची अर्धी लांबी किती? ३०२५ वजा १३६९, वर्गमूळ, उत्तर ४०.७. हे उदाहरण मी फळ्यावर शेकडो वेळा सोडवलं असेल. त्याचा अर्थ असा, की गोल चकतीचं तळटोक १८ मिलिमीटर खोल, बरोबर कोपऱ्याखाली पोचतं, तेव्हा वरच्या पृष्ठभागावर तीच चकती कोपऱ्याच्या चार सेंटिमीटर पुढे निघून गेलेली असते. वर कोपऱ्यावर थांबलात तर खाली दगड जोडलेला राहतो; खालचा सोडवायला गेलात तर वर रेघ पुढे पळते. खाली दगड जोडलेला राहिला म्हणून मी मशीन थोडं पुढे घेतलं. मग अजून थोडं. चारही कोपऱ्यांवर, दोन्ही दिशांनी.

हॉबच्या पुढे ओट्याची जी पट्टी उरते ती सहा सेंटिमीटरची. तिच्यात माझे दोन काप चार-चार सेंटिमीटर आत शिरलेले. तरी तो दगड उभा होता, बिचारा. मी तुकडा हलतोय का बघायला त्याखाली पहार घातली आणि कोपऱ्यापासून ओट्याच्या कडेपर्यंत एक बारीक, काळी, अतिशय आत्मविश्वासपूर्ण रेघ धावत गेली. आवाज फार नव्हता. टक्, एवढाच. मग दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरी. ओट्याची पुढची पट्टी माझ्या मांडीवर आली.

बायकोने बाटलीचं झाकण लावलं आणि मिस्त्रीला फोन केला. पाडवा अजून व्हायचा होता. तरी तो तासाभरात आला. काकूंनी फोनवर काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण दारातूनच त्याने "काका, हात दाखवा" म्हणून माझे दोन्ही हात आधी तपासले.

त्याने ओटा पाहिला, काप पाहिले. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. खिशातून त्याने बांगडीएवढं एक गोल बिट काढलं आणि जे त्याला अडीच हजार अधिक आठशेत करायचं होतं ते मला दाखवलं: आधी चार कोपऱ्यांत चार गोल भोकं पाडायची, मग सरळ काप भोकापर्यंत आणून सोडायचे. वर रेघ पुढे पळाली तरी ती भोकातच पडते. शिवाय गोल कोपऱ्यातून दगड तडकत नाही. चौकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका टोकाशी गोळा होतो आणि तिथूनच तो फाटतो. ग्रॅनाइटचा तुकडा उचलला, की मधलं सिमेंट छिन्नीने खरवडायचं आणि उघड्या पडलेल्या कडप्प्यावर तेच चार इंची मशीन ठेवायचं. ५५ मिलिमीटर एकदम कापायची गरज कोणालाच नव्हती. माझ्याखेरीज.

मग त्याची नजर माझ्या जुन्या, चकचकीत झालेल्या चकतीवर गेली. "ही टाकून देताय?" म्हणाला. गच्चीवर रंगाच्या डब्यांमागे सिमेंटचा एक फुटका ब्लॉक पडला होता, तो त्याने आणायला लावला. चकती बाणाप्रमाणे बसवून त्या ब्लॉकमध्ये त्याने काही काप घातले, सावकाश, जोर न लावता. उतरवून माझ्या हातात दिली. नख फिरवलं. या वेळी ते अडखळलं, खरखरलं. भिंगातून बारीक खडे पुन्हा वर आलेले दिसले. वाळूने धातू खाल्ला होता आणि दबलेले हिरे उघडे पडले होते. मी एवढा वेळ त्या चकतीवर जोर लावत होतो आणि तिला हवा होता एक फुटका ब्लॉक.

पट्टी नवी बसवली. खालून स्टीलचा अँगल लावला, सांध्यात एपॉक्सीत काळा रंग घालून भरला. उजेड तिरका पडला तर सांधा दिसतो, म्हणून बायकोने तिथे तिरका उजेड पडणार नाही अशी व्यवस्था केली आहे. हॉब छान चालतो. बिल साडेसहा हजार झालं. कोपऱ्यांचे आठशे त्यात होतेच, आणि मी घासाघीस केली नाही. प्लगच्या झिरीचे मात्र त्याने पैसे लावले नाहीत. "ही चांगली मारलीय," म्हणाला. हे वाक्य मी लगेच लिहून ठेवलं.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गेल्या महिन्यात आले. त्यांनीही हॉब घेतला होता आणि माझ्याकडे कटर आहे, असं त्यांच्या कानावर होतं. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं: धातू आणि हिरे, खाचांची कड आणि अखंड कड, शेपट्या, जीवा, व्यस्त प्रमाण. कागदावर वर्तुळ काढून दाखवलं. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं, मध्ये दोन शंकाही विचारल्या, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "फारच उपयोग झाला हो. मिस्त्रीचा नंबर आहे का?"

दिला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने वर जाता जाता आमची बेल वाजवली आणि भिंतीसाठी म्हणून ती कडक धातूची चकती मागून नेली. ती अजून परत आलेली नाही.